रिव्हर्स शाबूत आहे

आमच्या गाडीने पुढे जायचं सोडलं, पण मागे जायला तिची कधीच ना नव्हती, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. लिव्हर 'डी'वर टाकून अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंब मारायचं, काटा तीन हजारांवर चढायचा आणि गाडी जागची हलायची नाही. 'आर'वर टाकला की लगेच, निमूट, मागे. हा साक्षात्कार कोथरूडच्या मंडईपाशी झाला. तिथून आमची सोसायटी फार लांब नाही. ते अंतर मी मान मुरगाळून, उलट्या गाडीने कापलं. बायको शेजारी मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती. "अहो, तुम्ही मागचं सांभाळा," ती म्हणाली, "पुढचं मी बघते. पुढे फक्त लोक हसतायत."

गाडी उचलून वर्कशॉपला नेली. तिथल्या मुलाने टॅबवर दोनदा बोट फिरवलं आणि सांगितलं, "असेंब्ली बदलावी लागेल, सर." आधी उघडून तरी बघा, म्हटलं. "ऑटोमॅटिक आम्ही उघडत नाही, सर. असेंब्ली येते." असेंब्ली एक लाख साठ हजार, वर जीएसटी, वर मजुरी. गाडी विकायला काढली असती तर दीड लाख आले असते, तेही ती पुढे जात असती तर.

आता, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला आहे. हे वाक्य मी आयुष्यात खूपदा उच्चारलंय, त्याचा सगळ्यात चांगला उपयोग लग्न ठरताना झाला. डिप्लोमा झाल्या झाल्या बँकेत लागलो आणि बँकेतूनच निवृत्त झालो. पण तिथेही यंत्रांशी माझा संबंध सुटला नव्हता: गॅरेजवाल्यांची कर्जं माझ्याकडे असायची. हायड्रॉलिक लिफ्ट, कॉम्प्रेसर, व्हील अलाइनमेंट, सगळ्यांची कोटेशनं माझ्या टेबलावरून गेली आहेत. एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायचा खास जॅक मागितला होता. मी त्या ओळीवर लाल पेनाने काट मारून शेरा लिहिला होता, 'साधा जॅक पुरेल.' हा शेरा वाचकांनी लक्षात ठेवावा.

तेव्हा गिअरबॉक्स घरीच उतरवायचा असं मी ठरवलं. उतरवून जाणकाराकडे न्यायचा, दुरुस्त करून आणायचा, परत चढवायचा. यूट्यूबवर अमेरिकेतल्या एका गृहस्थाने हेच केलेलं होतं. त्याच्या गॅरेजात आमची सबंध 'ए' विंग मावली असती. गाडी लिफ्टवर, डोक्याच्या वर. आता एवढे बोल्ट काढले की गिअरबॉक्स खाली येतो, असं तो म्हणाला, दृश्य बदललं, गिअरबॉक्स टेबलावर होता आणि गृहस्थाचा शर्ट तसाच पांढरा होता. त्या दोन दृश्यांच्या मधल्या फटीत माझा सगळा पावसाळा गेला.

हत्यारांसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. गोट्यांचा एक अख्खा सेट मिळाला, फक्त चौदाची गोटी नव्हती. आमच्या गाडीला सगळ्यात जास्त बोल्ट चौदाचेच निघाले. आधीच्या मालकाने बहुधा तेवढी एकच वापरली असावी आणि बाकीचा सेट निरुपयोगी म्हणून विकायला काढला असावा.

मदतीला शेजारच्या बिल्डिंगमधले अण्णा आले. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. डिझेलच्या वासाने त्यांना अजून भूक लागते, असं त्यांच्या घरचे म्हणतात. ऑटोमॅटिक गाडीबद्दल त्यांना मुळातच संशय होता.

"क्लच नाही?"

"नाही."

"मग डावा पाय काय करतो?"

"काही नाही. नुसता असतो."

"म्हणजे बँकेतच," अण्णा म्हणाले.

मी त्यांना समजावलं की हल्ली रस्त्यावर दिसणाऱ्या स्वस्तातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक आतून साध्याच असतात. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि 'एएमटी' घरोघर पोचली. तिच्यात नेहमीचा गिअरबॉक्स, नेहमीचा क्लच, फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र. आमची गाडी त्या पंथातली नाही. हिच्यात टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाचं लोखंडाशी काही नातंच नाही, मधे सगळा ऑइलचा कारभार. हे अण्णांना पटेना. शेवटी मी वरून दोन टेबलफॅन आणले, पार्किंगमध्ये समोरासमोर ठेवले, एक चालू केला. दुसरा, वायर न लावताही, हळूहळू फिरू लागला. अण्णा बराच वेळ त्या दुसऱ्या पंख्याकडे बघत राहिले. मग वाकून त्याची वायर कुठे लपवलेली नाही ना ते त्यांनी तपासलं.

ही युक्ती मुळात मोटारीसाठी निघालीच नव्हती. हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी तिचं पेटंट घेतलं. वाफेच्या टर्बाइनचा वेग अफाट, जहाजाच्या पंख्याला तो सोसेना, म्हणून मधे हा द्रवाचा मध्यस्थ. पुढे जनरल मोटर्सने ऑइलवर चालणारा 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांना दिला आणि पाठोपाठ महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसवला.

"ते रणगाडे पुढे गेले का?" अण्णांनी विचारलं.

"गेले ना."

"मग तुमचीच का अडते?"

कन्व्हर्टरच्या मागे दातेरी चक्रांची ग्रहमाला असते: मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेरून दात्यांचं कडं. तिघांतल्या एकाला अडवायचं, एकाला फिरवायचं, म्हणजे उरलेला हवा तो वेग देतो. कुणाला अडवलं यावर गिअर ठरतो. ग्रह ज्या बैठकीवर बसवलेले असतात ती बैठकच अडवली की सगळं उलट फिरतं, तो रिव्हर्स. ही अडवाअडवी क्लचच्या आणि ब्रेकच्या प्लेटा करतात. प्लेटा दाबतं ऑइल, आणि ऑइलला वाट उघडून देतात सोलेनॉइड नावाच्या बोटाएवढ्या विजेच्या तोट्या. मागे आहे, पुढे नाही, अर्थात पुढच्या क्लचच्या प्लेटा जळल्या, असं निदान मी जागच्या जागी केलं. बोलताना हात मागे बांधले होते. कर्ज बुडीत खाती टाकताना मी असाच उभा राहायचो.

काम सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं: 'पार्किंग हे वाहने उभी करण्यासाठी आहे, उघडी करण्यासाठी नाही.' नाव नव्हतं. सोसायटीत उघडं वाहन एकच होतं.

वरवरच्या गोष्टी भराभर निघाल्या: बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, त्याचे पाइप. प्रत्येक वस्तू मी जुन्या पंचांगाच्या पानात गुंडाळून पानावर नाव लिहीत होतो. दोन-चार पुड्यांवर 'हे कशाचं?' असंही लिहिलंय. मग अॅक्सलचा नट. हा एकच नट पुढच्या चाकाचा सगळा संसार धरून असतो, आणि तो साधारण दोनशे न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. म्हणजे मीटरभर लांब पाइप लावला तर त्याच्या टोकावर वीस किलो वजन पुरावं. हे गणित डिप्लोमाचं. गंजाचा धडा डिप्लोमात नव्हता. पाइपावर आधी मी उभा राहिलो, मग मी आणि अण्णा, मग इस्त्रीचे कपडे घेऊन चाललेल्या मुलालाही आम्ही विनंती केली. तिघे त्या पाइपावर एकमेकांच्या खांद्यांना धरून उभे असताना सेक्रेटरी दूध घेऊन गेले. ते काही बोलले नाहीत. नट मात्र तेवढ्यात कडाडला आणि आम्ही एकदम दोन फूट खाली आलो.

ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढला तेव्हा भोकातून ऑइलची धार लागली. या ऑइलला मुद्दाम लाल रंग देतात, गळती कुठली ते कळावं म्हणून. आमचं निघालं चॉकलेटी. पुस्तिकेत 'लाइफटाइम' असं लिहिलेलं होतं. कुणाचं लाइफ, तेवढं लिहायचं राहिलं होतं. गर्दीत तासन् तास तापून ते काळवंडतं आणि त्यात प्लेटांचा भुसा मिसळत जातो, हे मी नंतर वाचलं. त्याच वाचनात कळलं की एके काळी या ऑइलमध्ये देवमाशाचं तेल घालायचे. प्लेटा झटका न देता धरायच्या त्या त्याच्यामुळे. अमेरिकेने देवमाशांना संरक्षण दिलं तेव्हा १९७० च्या दशकात कंपन्यांना दुसरं काही शोधावं लागलं. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी बोटावर ऑइल घेतलं, वास घेतला, बोट पुसलं. "उगाच नाही अडत," ते म्हणाले. "तळतळाट आहे तो."

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांच्या आधाराने आडवे टांगलेले असतात. गिअरबॉक्सखालचा माउंट काढला की इंजिन एका अंगाला कलंडतं. त्याला वरून धरायला लोखंडी आडदांडी मिळते. आम्ही तळमजल्याच्या नूतनीकरणात निघालेली सागवानी चौकटीची उभी फळी दोन्ही मडगार्डांवर आडवी टाकली आणि साखळीने इंजिन तिला टांगलं. फळीवर अजून हळदी-कुंकवाची पाच बोटं होती. अण्णांनी आधी हात जोडले, मग साखळी आवळली.

शेवटचा बोल्ट वर, मागे, इंजिन आणि काचेखालच्या पत्र्याच्या बेचक्यात होता. तो दिसत नाही, त्याला फक्त स्पर्श करता येतो, आणि तोही डाव्या हाताच्या करंगळीने. तीन एक्स्टेन्शन जोडून, मधे सांधा घालून तो एकदाचा निघाला. आता गिअरबॉक्स सुटायला हवा होता. सुटेना. पहार घातली. सुटेना. अण्णांनी हातोड्याने टकटक केली आणि कान लावला. "आतून कुणीतरी धरलंय," ते म्हणाले.

इतक्यात बंगळुरूहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मुलगाही मेकॅनिकलच आणि अर्थातच सॉफ्टवेअरमध्ये. मी फोन गाडीखाली धरला. "बाबा, कन्व्हर्टरचे बोल्ट काढलेत का? खिडकीतले?"

"कुठली खिडकी?"

खिडकी होती. स्टार्टर मोटरच्या जागेमागे, काडेपेटीच्या झाकणाएवढी, रबरी बुचाने बंद. तिच्यातून इंजिनाच्या चकतीला कन्व्हर्टर जोडणारा एक बोल्ट दिसतो. तो काढायचा, खालून पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, की दुसरा खिडकीत येतो. हे न करता आम्ही पहार मारत बसलो होतो. मुलगा आणखी काही सांगत होता, पण रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

आणि मग गिअरबॉक्स सुटला. ऑइलसकट पासष्ट-सत्तर किलोची ती वस्तू आम्ही साध्या ट्रॉली जॅकवर, वर घडी घातलेली गोधडी ठेवून झेलली होती. गिअरबॉक्सला सपाट बूड नसतं. त्याचा तोल कुठे आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं. जॅक दोन इंच खाली आला, गिअरबॉक्स एका कुशीवर वळला, कन्व्हर्टर सुळकन बाहेर सरकला आणि ड्रेन प्लगमधून जे कधीच निघत नाही ते उरलेलं निम्मं ऑइल माझ्या सदऱ्यावर, मिशीवर आणि तोंड उघडं असल्यामुळे तिथेही. खास जॅकला वर पट्टा आणि चारी बाजूंनी कल देता येणारी बैठक असते. त्या गॅरेजवाल्याच्या अर्जात याचं चित्रही जोडलेलं होतं.

गॅलरीतून बायकोने विचारलं, "निघाला का?"

"निघाला!"

"मग तसेच वर येऊ नका. सोवळ्याचं चाललंय."

गिअरबॉक्स कुठे न्यायचा हे ठरलेलं होतं. मुंबईत कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे, आणि तिथे फक्त ऑटोमॅटिक उघडणारे एक चाचा बसतात, असं अण्णांच्या ओळखीतून कळलं. अण्णा टेम्पोला तयार नव्हते. एसटी असताना टेम्पो हा त्यांना घरभेदीपणा वाटतो. त्यांनी वाकडेवाडीच्या स्टँडवर जुन्या ओळखी काढल्या, गिअरबॉक्स गोधडीत बांधून एसटीच्या डिकीत गेला, आणि कंडक्टरने त्याचं लगेज तिकीट फाडलं. "काय आहे आत?" "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स." कंडक्टरने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर तेव्हा दोन्ही हातांनी दुसरा गिअर शोधत होता.

मैत्री पार्कला उतरून रिक्षा केली. चाचांनी गिअरबॉक्स बघितला, मला बघितलं आणि विचारलं, "कितने किलोमीटर? आगे जाता नहीं, पीछे जाता है? कंप्यूटर पे क्या आया?" मी कॉम्प्युटरला लावलंच नव्हतं. माझं निदान मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाजूचं झाकण खोललं. आत वाकड्यातिकड्या नाल्यांची अॅल्युमिनियमची पाटी, तिच्यावर ओळीने सोलेनॉइड. त्यांनी एकेकाला बॅटरीच्या दोन वायरी टेकवल्या. टक. टक. टक. मग एक गप्प. पुन्हा टेकवल्या. गप्प. तो उपसून काढला, स्प्रे मारला, बारीक काळा गाळ ओघळून वर्तमानपत्रावर पडला. पुन्हा वायरी. टक.

"हो गया," चाचा म्हणाले.

"काय हो गया?"

"यही आगे का था. कचरा फसा था." मग जरा थांबून, खरोखरच्या कुतूहलाने: "ये तो गाडी में ही हो जाता है, साब. साइड का ढक्कन खोलने का, बस. पूरा क्यूं उतारा?"

अण्णा शेजारच्या दुकानातल्या हॉर्नकडे बघू लागले.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगत नाही. त्यात पाइपावरचा इस्त्रीवाला मुलगाही होता. मी चाचांना म्हटलं, प्लेटा तर बघा. ते म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, इतक्या लांबून आणलाय. त्यांनी सुस्कारा टाकून ड्रम खोलला आणि प्लेटा माझ्या हातावर ठेवल्या. या प्लेटांचं अस्तर कागदाच्या लगद्याचं असतं, ऑइलमध्ये भिजूनच ते काम करतं. जळली की काळीकुट्ट होऊन पापुद्रे सुटतात. माझ्या हातातल्या प्लेटा एकसारख्या तपकिरी होत्या. एका प्लेटेवर कारखान्यात छापलेले आकडे अजून वाचता येत होते.

"देखो," चाचा म्हणाले, "छाप भी नहीं गया."

"जरा नीट बघा ना. एखादी तरी..."

निवृत्तीनंतर सगळ्या तपासण्या करून घ्यायला मी एकदा हॉस्पिटलात गेलो होतो, तेव्हा सगळं नॉर्मल आल्यावर डॉक्टरशी असाच हुज्जत घालत बसलो होतो. सील कडक झालेत का? थोडे. पंप? उत्तम. बेअरिंगला आवाज? नाही. शेवटी मी स्पष्टच म्हटलं, की उतरवलाच आहे तर प्लेटा नव्या घाला. चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "पक्का?" मी म्हटलं, पक्का. किट मागवावं लागणार होतं, आणि त्यानंतर ते गावी जाणार होते. म्हणजे गणपतीनंतर.

आणि गणपतीचा मांडव आमच्या सोसायटीत दर वर्षी नेमका पार्किंगच्या त्या कोपऱ्यात पडतो.

गाडी पुढून स्टँडवर, चाकं काढलेली, इंजिन सागवानी फळीला टांगलेलं. हलवणं अशक्य. मंडळाच्या पोरांची रात्री तातडीची बैठक झाली. सेक्रेटरींनी 'मी आधीच म्हटलं होतं' या विषयावर भाषण केलं. मग बी विंगमधल्या एका कॉलेजातल्या मुलीने गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाली, "कैलास करू या." गोणपाट आले, खळ आली, पांढरा डिस्टेंपर आला. बॉनेट उघडंच असल्यामुळे शिखराला उंची आपोआप मिळाली. वर कापूस, मागे निळा पडदा, पायथ्याशी नंदी, आणि माझ्या गाडीच्या डाव्या हेडलाइटसमोर बाप्पा. मी सांगतो, इतकी सुंदर ती गाडी शोरूममध्येही दिसली नव्हती. परीक्षकांनी 'भव्यता' या रकान्यात भरघोस गुण दिले. कैलासाच्या एका बाजूने अधूनमधून ऑइल ठिबकत होतं म्हणून मी खाली हळूच एक परात सरकवली. दुसऱ्या दिवशी तिच्यात कुणीतरी सुटे पैसे टाकलेले होते. विसर्जनापर्यंत एकशे बारा रुपये जमले. अण्णांच्या मते ते ऑइल फंडात घ्यायला हरकत नव्हती, पण सेक्रेटरींनी पावती फाडून मंडळाकडे वळवले.

अनंत चतुर्दशीनंतर गिअरबॉक्स एसटीनेच परत आला. सोबत चाचांचं घडी घातलेलं बिल, ते मी न उघडता सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आकडा फोनवर कळलेला होता आणि पैसेही पाठवून झाले होते.

चढवण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. उतरवताना जे जे अंगावर आलं ते ते उलट क्रमाने पुन्हा आलं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्समध्ये नीट बसवून मगच गिअरबॉक्स इंजिनाला भिडवायचा असतो. त्याच्या आत एकामागे एक तीन जोड असतात: एक शाफ्टच्या दात्यांचा, एक मधल्या स्थिर नळीचा, एक पंपाच्या खाचांचा. कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकलत राहायचं. प्रत्येक जोड जुळला की तो आवाज करून थोडा आत सरकतो. तिसरा जोड न जुळताच बोल्ट आवळले तर इंजिन सुरू करायच्या आधीच पंपाचा चुरा. चाचांनी हे मला दोनदा आणि अण्णांना एकदा बजावलं होतं. मी फिरवलं, टक झालं. फिरवलं, पुन्हा टक. "बसला," मी म्हटलं.

"दोन झाले," अण्णा म्हणाले.

"तीन झाले. एक बारीक झाला."

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी गिअरबॉक्सच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी ठेवली, दुसऱ्या पट्टीने आत कन्व्हर्टरपर्यंतची खोली मोजली आणि चाचांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या आकड्याशी ताडून पाहिली. मग मला बाजूला सारून, डोळे मिटून, कन्व्हर्टर दोन्ही तळव्यांत धरून ते फिरवत बसले. खालून पाणी सोडणारा वॉचमन ओरडला, वरून कुणाचा तरी कुकर झाला, अण्णा फिरवतच होते. टक. कन्व्हर्टर बोटाच्या पेराएवढा आत गेला. अण्णांनी डोळे उघडले आणि पट्टी माझ्या हातात दिली. दापोडीत त्यांच्या हाताखाली किती पोरं तयार झाली असतील आणि त्यांना किती बोलणी बसली असतील, ते मला त्या न बोलण्यातून समजलं.

नवं, लालभडक ऑइल भरलं. सगळं जोडल्यावर पंचांगाच्या दोन पुड्या उरल्या, दोन्ही 'हे कशाचं?' या वर्गातल्या. बॅटरी जोडली, इंजिन सुरू झालं, लिव्हर सगळ्या घरांतून सावकाश फिरवला आणि 'डी'वर ठेवला. ब्रेक सोडला. गाडी पुढे गेली. वॉचमनने फाटक उघडायच्या आत पुढे गेली, हे फाटकाच्या दृष्टीने वाईट झालं, पण पुढे गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी गॅलरीत आले आणि आत गेले. सबंध सोसायटीला मी सांगितलं की प्लेटा पार गेल्या होत्या, गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अण्णा शेजारी उभे राहून पान जमवत होते. त्यांनी मान डोलावलीही नाही आणि हलवलीही नाही.

संध्याकाळी आम्ही तिघे चहा घेत होतो. बायकोने धुवायला टाकायच्या आधी सदऱ्याचे खिसे चाचपले आणि चाचांचं बिल उघडलं. ती एलआयसीच्या अकाउंट्समधून निवृत्त झाली आहे. कागद हातात आला की ती आधी तळाचा आकडा बघते आणि मग एकेक ओळ वर चढत जाते.

"नऊ हजार सातशे," ती म्हणाली. "त्यातले सोलेनॉइड सफाईचे तीनशे. ते काय असतं?"

"असतं एक. छोटंसं."

"आणि प्लेट सेट नऊ हजार चारशे. त्याच्यापुढे कंसात लिहिलंय, 'पार्टी के कहने पर'." तिने चष्मा वर केला. "पार्टी म्हणजे कोण हो, अण्णा?"

अण्णांनी कप खाली ठेवला, बशी सरळ केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.